काचेपलीकडचा माइक

लंडनच्या वादकांमध्ये क्लाइव्ह ऑर्मरॉडला एकही मित्र नव्हता, आणि त्याचे त्याला काही वाटत नव्हते. टीव्हीच्या मालिका, जाहिराती, भुताखेतांचे सिनेमे, झगेवाल्या बायकांची आणि घोडागाड्यांची नाटके, जे दारात येईल त्याला त्याने जन्मभर संगीत दिले. रविवारी संध्याकाळी लागणाऱ्या त्या खेड्यातल्या हवालदाराच्या मालिकेची धून त्याचीच. ती वाजू लागली की अर्धे इंग्लंड चहाची किटली ठेवायला उठायचे. पण ती धून ज्यांनी वाजवली त्यांतला कोणी रस्त्यात समोरून आला, तर क्लाइव्ह दुकानाची काच बघत उभा राहायचा. वादकही त्याला ओळख दाखवायला फार उत्सुक होते असे नाही.

तो लँकेशायरचा. घरात घालायच्या सपाता शिवणारे कारखाने ज्या गावात होते, तिथला. बाप कारखान्यात मुकादम आणि कारखान्याच्या पितळी बँडचा मास्तर. तालमीत पोराचा स्वर चुकला की बाप सगळा बँड थांबवायचा आणि पोटच्या पोराला आडनावाने हाक मारायचा. "ऑर्मरॉड, उभा राहा. या सगळ्यांना सांग, त्यांचा वेळ कुणी खाल्ला." पोरगा हातातले कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रंपेट, छातीशी धरून उभा राहायचा आणि सांगायचा. बापाकडून तो संगीत शिकला, आणि चूक झाली की माणसाचे नाव घेऊन, चारचौघांत सांगायची असते हेही शिकला. यातली दुसरी गोष्ट विसरला असता तर त्याचे आयुष्य बरे गेले असते. पण जित्याची खोड.

लंडनच्या स्टुडिओतली रीत अगदी उलटी आहे. तिथे साठ वादक एका मोठ्या खोलीत बसतात, आणि संगीतकार काचेपलीकडच्या खोलीत, यंत्रे चालवणाऱ्या माणसाशेजारी. त्याच्या पुढ्यात एक माइक असतो. बटण दाबून तो बोलला की त्याचा आवाज साठही जणांच्या कानातल्या हेडफोनात पोचतो. आता समजा एखाद्याचा स्वर फाटला. तर काचेपलीकडून नाव घ्यायचे नाही. म्हणायचे, "आमच्याच बाजूला काहीतरी खरखर आली, पुन्हा एकदा घेऊ या का?" खरखर कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक असते. ज्याच्याकडून आली तो मांडीवरचे बोट जरा वर करतो, शेजारी पाय जमिनीवर हलकेच घासतात, म्हणजे असू दे रे, होतं असं. संपला विषय. या खोटेपणावर तो सगळा धंदा उभा आहे, आणि मला विचाराल तर तो खोटेपणा पुष्कळशा खरेपणापेक्षा सभ्य आहे.

क्लाइव्हला हे पहिल्या दिवसापासून भंपक वाटले. तो बटण दाबायचा आणि नाव घ्यायचा. "तिसरा ट्रंपेट, पार्किन्सन, जेवण जड झालं का?" वादक गप्प बसायचे. कामाला नाही म्हणणे परवडत नव्हते, कारण क्लाइव्हकडे काम भरपूर असायचे. पण कँटीनमध्ये चीज आणि लोणच्याचे सँडविच खाताना त्याचे किस्से चघळले जायचे. त्यातला एक किस्सा मोरवेना ट्रीजचा होता.

मोरवेना कॉर्नवॉलची, मासेमाराची मुलगी. इंग्लिश हॉर्न वाजवायची. नावात हॉर्न असले तरी ते वाद्य लाकडाचे, सनईसारखी पात ओठांत धरून वाजवायचे, आवाज जाड आणि दुखरा. असे वाजवणारी माणसे शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत ती सगळ्यांत तरुण होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कामाला आली होती ती क्लाइव्हच्या एका भुताच्या सिनेमासाठी. सुरुवातीलाच तिचा स्वर फाटला. ओठांना कित्येक महिने सराव नव्हता, होणारच. तिने बोट वर केले. क्लाइव्हने बटण दाबले.

"त्या हॉर्नवाल्या बाईंना कुणीतरी घरी पाठवा रे. बाळाला दूध पाजायची वेळ झाली असेल."

साठ हेडफोनांत ते वाक्य गेले. मागच्या बाकावरचे दोघे हसले, आणि त्या हसण्याची त्यांना पुढे आयुष्यभर लाज वाटली. मोरवेनाने उरलेला दिवस बिनचूक वाजवला आणि ती गेली. क्लाइव्हने तिला पुन्हा बोलावले नाही. त्याने बोलावले नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही सावधपणे दुसरी नावे शोधली. ती शाळाशाळांतून मुलांना रेकॉर्डर नावाची साधी बासरी शिकवत फिरली. कित्येक वर्षे फिरली, आणि मग हळूहळू, कुणाच्या मेहेरबानीशिवाय, पुन्हा त्या खोल्यांमध्ये येऊन बसली.

क्लाइव्ह हे सगळे विसरला. मुद्दाम नव्हे, साफ विसरला. ज्याच्या तोंडून सुटते तो विसरतो, ज्याला लागते तो कसा विसरेल?

क्लाइव्हचे वय झाले. कामे तरुण पोरांकडे गेली. मग अचानक एका सिनेमाचे बोलावणे आले. दिग्दर्शक लहानपणी रविवारी ती हवालदाराची मालिका बघत वाढला होता, एवढ्याच एका कारणाने. हे शेवटचे, असे क्लाइव्हने बायकोला, हिलरीला, सांगितले. सिनेमाच्या शेवटी एक म्हातारी रिकाम्या घराचे दार ओढून घेते आणि समुद्राकडे चालू लागते. बोलणे नाही, लाटेचा आवाजसुद्धा नाही, नुसते संगीत. त्या दोन मिनिटांसाठी क्लाइव्हने एक लांबलचक सूर लिहिला. एकट्या इंग्लिश हॉर्नसाठी, खाली तंतुवाद्यांचा मंद आधार. आपण जन्मभर जे विकले त्यात हे एकच खरे आहे हे त्याला लिहितानाच कळले होते. बाकी सगळे पुसले गेले तरी चालेल, हे राहिले पाहिजे, असे तो हिलरीला म्हणाला. असे काही तो म्हणण्यातला नव्हता, म्हणून ती घाबरली.

हल्ली आधी संगणकावर नकली वाद्यांनी सगळे वाजवून दाखवावे लागते. बागेतल्या लाकडी खोपटात बसून क्लाइव्हने तसे करून दिले. निर्माता जॅस्पर खूश झाला. "हेच छान वाटतंय की," तो म्हणाला. क्लाइव्हने त्याच्याकडे असे बघितले, की जॅस्परने वादकांच्या खर्चाला मान हलवली. पण तीन दिवसांच्या वर एक मिनिट नाही, असे त्याने बजावले.

वादक जमवायचे काम नोरा स्प्रेगकडे होते. ही बाई तीस वर्षे क्लाइव्हसाठी माणसे गोळा करत होती आणि तितकीच वर्षे त्याने फोडलेली डोकी बांधत होती. शेवटच्या दिवशी सकाळी क्लाइव्ह काचेमागे येऊन बसला आणि त्याने पाहिले तर नेहमीच्या इंग्लिश हॉर्नवाल्याच्या खुर्चीत पिकल्या केसांची एक बाई पात ओली करत बसलेली.

"ही कोण?"

"मोरवेना ट्रीज. विक्टरचा दात काढलाय, ओठ सुजून हा एवढा झालाय. आज शहरात हिच्याइतकं चांगलं दुसरं कोणी नाही."

नाव ऐकून क्लाइव्हला एवढेच आठवले की या बाईशी आपले काहीतरी बिनसले होते. काय ते आठवेना. पण बाईने काचेकडे एकदाही पाहिले नव्हते, आणि ते त्याला झोंबले. नोरा हळूच म्हणाली की आधी मोरवेनाचा तुकडा घेऊन टाक, ओठ ताजे आहेत, मग तिला मोकळी कर. शहाणपणाचा सल्ला होता. म्हणूनच क्लाइव्हने ऐकला नाही.

"बसू दे. पैसे घेतेय ना बसायचे?"

मोरवेना बसली. सकाळभर बसली. क्लाइव्हने पाठलागाचा तुकडा घेतला, भांडणाचा घेतला, स्वैपाकघरातला सटरफटर तुकडा पुन्हा पुन्हा घेतला, चेलोवाल्यांना नावे घेऊन झापले. चहाची सुट्टी झाली, बिस्किटे संपली, माणसे परत आली. जॅस्पर घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालू लागला. मोरवेनाने अजून एक स्वर वाजवला नव्हता. मांडीवर वाद्य आडवे धरून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि तिचे शेजारी तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. आज काहीतरी होणार हे खोलीला कळले होते. काचेमागच्या एकट्याला कळले नव्हते.

वेळ संपत आली तेव्हा क्लाइव्हने शेवटचा तुकडा काढायला सांगितला. वादकांपुढे उभ्या असलेल्या कंडक्टरने हात उचलला. तंतुवाद्यांनी जमीन धरली आणि मोरवेनाने पहिला स्वर लावला.

क्लाइव्ह खुर्चीत पुढे सरकला. कागदावर त्याने जे लिहिले होते ते हेच होते, पण हे त्याने लिहिलेले नव्हते. ती सूर असा सोडत होती, की दार ओढून घेणारी म्हातारी पडद्यावर नसती तरी दिसली असती. जॅस्परने येरझाऱ्या थांबवल्या. यंत्रांपुढचा इयन तोंडावर हात ठेवून बसला. क्लाइव्हच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याला स्वतःची चीड आली, आणि चीड आली की त्याला दुसऱ्या कुणावर तरी काढावी लागे. पुढच्याच ओळीत सूर खूप वर चढणार होता, वाद्याच्या टोकापर्यंत. तो इयनकडे वळून पुटपुटला.

"आता फाटेल बघ."

इयनने त्याच्याकडे नाही, त्याच्या हाताकडे पाहिले. जन्मभराच्या सवयीने बोट बटणावर होते.

हेडफोनांतून ते वाक्य गेले. मोरवेनाचा स्वर फाटला नाही. ती वर चढली, टोकाला पोचली, तिथे उभी राहिली. पण तंतुवाद्यांतले अर्धे लोक थांबले होते, अर्धे चाचपडत होते, कंडक्टरचे हात खाली आले होते. थोडा वेळ ती एकटी वाजवत राहिली. मग तिने वाद्य ओठांपासून काढले.

खोलीत कोणी पाय घासला नाही.

"पुन्हा घेऊ," क्लाइव्ह माइकमध्ये म्हणाला. "आमच्याच बाजूला खरखर होती." आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ते वाक्य वापरले, आणि पहिल्यांदाच ते शब्दशः खरे होते.

पण घड्याळाचा काटा ठरलेल्या वेळेवर आला होता. वेळ संपल्यावर थांबायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; जादा वेळेचे आधी ठरले नसेल तर कुणालाही अडवता येत नाही. जॅस्परने नाक मुरडत पाव तासाच्या जादा पैशाला होकार दिला. एकोणसाठ वादक जागेवर बसून राहिले. मोरवेनाने पात काढली, डबीत ठेवली आणि वाद्याचे तुकडे पुसायला घेतले.

नोरा तिच्याकडे धावली आणि तशीच परत आली. "माझी वेळ संपली, म्हणतेय. तू जा, क्लाइव्ह. तूच जायला हवंस."

क्लाइव्ह वादकांच्या खोलीत गेल्याला किती वर्षे झाली होती कोण जाणे. तारांवर अडखळत तो खुर्च्यांमधून गेला, आणि एकोणसाठ जणांच्या माना त्याच्याबरोबर वळत गेल्या. माफ करा, एवढे दोन शब्द पुरले असते. ते त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलेसुद्धा असतील. पण एवढ्या लोकांपुढे उभे राहून चूक कबूल करायची म्हटल्यावर त्याच्या आत ते जुने कॉर्नेटवाले पोर अंग चोरून उभे राहिले. सुंभ जळतो, पीळ राहतो.

"ते तुम्हाला उद्देशून नव्हतं," तो म्हणाला.

मोरवेना पुसत राहिली.

"जादा पैसे मिळणार आहेत. दोनच मिनिटांचं काम आहे. एवढा मोठा सिनेमा तुमच्यासाठी अडलाय."

तिने पेटी बंद केली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. "मला घरी जायला हवं, मिस्टर ऑर्मरॉड. बाळाला दूध पाजायची वेळ झाली."

मागे कुणीतरी श्वास आत ओढला. मग एका व्हायोलिनवालीने पाय जमिनीवर घासला. मग शेजारच्याने. मग सगळ्या खोलीने. सोलो अप्रतिम झाला की वादक तशीच दाद देतात, आणि मोरवेना ती दाद घेत दाराबाहेर गेली. क्लाइव्ह त्या आवाजात उभा राहिला. साठ वर्षांच्या त्या बाईचे बाळ कुठले, हे त्याला समजेना. नोराने त्याला बाहेर पॅसेजमध्ये नेऊन सांगितले. कँटीनमध्ये तो किस्सा वर्षानुवर्षे सांगितला जातो, आणि क्लाइव्हला सोडून तो सगळ्यांना पाठ आहे, हेही सांगितले.

"मी असं म्हणालो होतो?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे काम होतं," नोरा म्हणाली. "आता नाहीये."

त्या सोलोचे काही वाचवता येते का, म्हणून क्लाइव्ह दुसऱ्या दिवशी इयनकडे गेला. येत नव्हते. मोरवेनाच्या हेडफोनातून गळलेले त्याचे वाक्य तिच्यासमोरच्या माइकने टिपले होते. सुराच्या पोटात 'आता फाटेल बघ' असे अगदी बारीक, पण स्पष्ट. ते काढले तर सूरही जात होता. क्लाइव्हने जॅस्परजवळ आणखी एका दिवसासाठी गयावया केली, स्वतःच्या पदरचा खर्च करतो म्हणाला. जॅस्परने खांदे उडवले. सिनेमा पुढच्या सोमवारी तयार होऊन वितरकांकडे जायचा होता. खोपटातले संगणकावरचे तयारच होते, तेच लावून टाकले. त्याच्या कानाला दोन्ही सारखेच होते.

आणि दुर्दैव असे की सगळ्यांच्याच कानाला ते सारखे होते. पहिल्या खेळाला क्लाइव्ह कोट घालून बसला होता. म्हातारीने दार ओढले, नकली हॉर्न वाजू लागले, आणि हिलरीने अंधारात त्याचा हात धरला. ती रडत होती. "किती सुंदर वाजवलंय रे त्या बाईनं," ती कुजबुजली. क्लाइव्हने हात सोडवून घेतला. बरोबर आणि चूक यांतल्या एका केसासाठी त्याने आयुष्यभर माणसे तोडली होती, आणि तो केस त्याच्या घरच्या माणसालाही दिसत नव्हता. वर्तमानपत्रांनी त्या शेवटच्या सोलोवर रकानेच्या रकाने लिहिले. एकाने तर वादिकेच्या जन्मभराच्या दुःखाचा उल्लेख केला. पडद्यावरच्या नावांच्या पाट्या त्या शेवटच्या दिवसाच्या वादकांच्या यादीवरून केल्या होत्या, त्यामुळे नाव होते मोरवेनाचे.

काही आठवड्यांनी दुपारी फोन वाजला.

"मोरवेना ट्रीज बोलतेय. माझं नाव काढा तिथून."

ती सांगत गेली. रोज कोणी ना कोणी अभिनंदन करते. शिकवलेल्या मुलांची पत्रे आली. गावाकडून भावाने फोन केला, तू इतकी चांगली कधीच वाजवली नव्हतीस म्हणाला. भाऊ कधी असले काही बोलत नाही. म्हणून ती तिकीट काढून सिनेमा बघून आली होती.

"मशीन आहे ना ते?"

"हो."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"नाही. फक्त तुम्हाला."

"मला कळणारच. ती एवढी लांब ओळ, आणि मध्ये श्वास नाही. खरी बाई असती तर बुडून मेली असती."

क्लाइव्हला हसू आले, आणि हसता हसता लक्षात आले की गेल्या कित्येक आठवड्यांत आपल्याशी कामाचे बोललेले हे पहिलेच माणूस आहे. जगात दुसऱ्या कुणाला त्या दोन मिनिटांबद्दल त्याच्याशी बोलता आले नसते. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला.

"नाव काढतो," तो म्हणाला. "पण एक ऐका. त्या दिवशी तुम्ही जे वाजवलंत, तसं मी जन्मात ऐकलं नाही. मी काय लिहिलंय ते मला तेव्हा कळलं. मला आतून भरून आलं होतं, म्हणून ते तोंडून गेलं. तुमच्याइतकं चांगलं कोणी नाही. तेव्हाही नव्हतं बहुतेक."



"शिवी माइकवर," मोरवेना म्हणाली, "आणि शाबासकी फोनवर होय?"

आणि तिने फोन ठेवला.